मदत हवी आहे: ऑटोगायडिंग सुरू केलं की डेक्लिनेशन (उत्तर-दक्षिण अक्ष) मागेपुढे झुलतंय, बॅकलॅशवर (गिअरच्या ढिलाईवर) उपाय काय?

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईजवळ शेतात दुर्बीण लावतो. पाऊस सरला की बालाघाटावरचं आभाळ असं काही निवळतं की मृगातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनीही धुरकट दिसतो. त्याचेच तीन-तीन मिनिटांचे फोटो घ्यायचेत. गायडिंगशिवाय ३० सेकंदांपर्यंत तारे गोल येतात, मिनिटभर उघडं ठेवलं की लांबट होतात. म्हणून यंदा गायड कॅमेरा जोडला, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची (दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीची) चूक आपोआप सुधारणारा.

मुख्य दुर्बीण ७२ मिमीची, फोकल लेंग्थ ४२० मिमी, मागे ३.७२ मायक्रॉन पिक्सेलचा डीएसएलआर. गायड स्कोप ३० मिमीचा, फोकल लेंग्थ १२०, त्यावर ३.७५ मायक्रॉनचा मोनो कॅमेरा. पिक्सेलला २०६ ने गुणून फोकल लेंग्थने भागलं की फोटोत एका पिक्सेलला १.८ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येतात आणि गायडरमध्ये ६.४. म्हणजे साडेतीन पट फरक. पीएचडी२ (गायडिंगचं सॉफ्टवेअर) ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यापर्यंत धरतं, त्यामुळे कॅमेरा कमी पडत नसावा असं मला वाटतं. चूक असेल तर जरूर सांगा.

फोकस दिवसा लांबच्या टॉवरवर आणि रात्री ताऱ्यावर नीट करून स्क्रू आवळलाय. प्रोफाइलमध्ये पिक्सेल आणि फोकल लेंग्थ बरोबर भरलीय, डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेले, कॅमेऱ्याचा गोंगाट वजा करायचे फोटो) केलीय, एक्सपोजर २ सेकंद. माउंट मध्यम वजनाचं, गोटूवालं (लक्ष्याकडे आपोआप वळणारं) जर्मन इक्वेटोरियल (एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेलं) आहे, गायड रेट (सुधारणेचा वेग) ताऱ्यांच्या वेगाच्या ०.५ पट. कॅमेऱ्यातून एसटी४ केबल (गायडिंगचे इशारे नेणारी) थेट माउंटला जाते.

आता अडचण. कॅलिब्रेशन (कोणत्या इशाऱ्याने तारा किती हलतो याची मोजणी) मृगाच्या पोटातल्या बाणाजवळ करतो, कारण ते तारे खगोलीय विषुववृत्ताला लागूनच आहेत आणि मध्यरात्रीच्या सुमारास डोक्याकडे, मध्यमंडलाशी (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेशी) येतात. आरए (पूर्व-पश्चिम अक्ष) छान होतं. मग ‘क्लिअरिंग बॅकलॅश’ बराच वेळ चालतं, कॅलिब्रेशन कसंबसं पुरं होतं आणि इशारा येतो की आरए आणि डेकचे (डेक्लिनेशनचे) वेग एकमेकांशी जुळत नाहीत. विषुववृत्ताजवळ ते जवळपास सारखे यायला हवेत ना? त्यानंतर गायडिंग सुरू केलं की आरएचा आलेख शांत असतो, डेकचा मात्र आधी एका बाजूला जातो, तिथेच रेंगाळतो आणि मग एकदम पलीकडे उडी मारतो. फोटोत तारे उत्तर-दक्षिण ताणलेले.

केबलची शंका होती म्हणून मॅन्युअल गायडमधून एकाच दिशेला पल्स (छोटे धक्के) देत राहिलो. दिशा बदलली की चार-पाच सेकंद तारा जागचा हलत नाही, मग नीट चालू लागतो. ०.५ पटीला वेग सेकंदाला साडेसात आर्कसेकंद, म्हणजे ३० ते ३७ आर्कसेकंदांची ढिलाई गिअरमध्येच आहे. केबल निर्दोष दिसते.

माझ्या डोक्यात असं आहे: पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) मुद्दाम किंचित अपुरं ठेवायचं, म्हणजे डेकमध्ये तारा एकाच दिशेला सरकत राहील, आणि पीएचडी२ मध्ये डेक गायडिंग फक्त त्याच्या उलट दिशेला ठेवायचं. गिअरचे दात कायम एकाच अंगाला टेकून राहतील. ध्रुवाचा रोख १० आर्कमिनिटांनी चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त २.६ आर्कसेकंद सरकतो, एवढं गायडर सहज भरून काढेल. पण तीन मिनिटांत फोटोच्या कडांना फील्ड रोटेशन (चित्र गायड ताऱ्याभोवती फिरणं) दिसेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. डेकचा तोल थोडा कॅमेऱ्याच्या बाजूला जड ठेवावा असंही कुणीतरी सुचवलं होतं, पण दुर्बीण मृगाकडे असताना त्याचा कितपत उपयोग होतो?

आमच्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे ध्रुव. अक्षांश पावणेएकोणीसच, त्यामुळे तारा क्षितिजालगतच्या धुळीत असतो. उसाचा हंगाम, ट्रॅक्टरांच्या रांगा, त्यात ईशान्येला परळीचा उजेड. पोलर स्कोपमधून (ध्रुव शोधायच्या छोट्या दुर्बिणीतून) तो सापडेलच असं नाही, म्हणून मी ड्रिफ्ट पद्धतीने (तारा किती सरकतो ते पाहून) अलाइन करतो. इतक्या कमी अक्षांशावर काम करणाऱ्यांनी कोणता मार्ग धरलाय, तेही लिहा.

एसटी४ सोडून लॅपटॉपवरून एएसकॉम आणि ईक्यूमॉडने (माउंट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पल्स गायडिंग करायला मी तयार आहे. त्याने ढिलाई जाणार नाही हे समजतं, पण दुर्बीण कुठे रोखलीय हे पीएचडी२ला कळेल आणि प्रत्येक लक्ष्यासाठी पुन्हा कॅलिब्रेशन करावं लागणार नाही, एवढा फायदा नक्की दिसतो.

शेवटचा उपाय वर्म गिअरची (मळसूत्री गिअरची) पकड घट्ट करण्याचा. हे काम ज्यांनी स्वतः केलंय असे कुणी लातूर, बीड, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरकडे असतील तर मी माउंट घेऊन येतो, समोर बसून शिकतो. जास्त आवळलं तर गिअर अडकून मोटारवर ताण येतो, म्हणून एकट्याने हात लावायला धजावत नाही. मार्गशीर्षाच्या अमावास्येआधी जमलं तर फार बरं होईल. गायडिंगचा लॉग आणि आलेखाचा फोटो पहिल्या प्रतिसादात जोडतो.