डार्क एलच्या कीटमध्ये जादा मॉल्ट घालायचंय, कुठलं आणि किती? (मेलबर्न)

काळी_मिरी:
नमस्कार मंडळी. मेलबर्नला असतो, फेब्रुवारीत पहिल्यांदा घरी बिअर केली. सुपरमार्केटमधला डार्क एलचा (काळसर बिअरचा) कीट, म्हणजे मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) दाट पाकाचा डबा, तोच १.७ किलोचा, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आधीच घातलेला असतो तो. त्यात घरातली १ किलो पांढरी साखर, पाणी २३ लिटरपर्यंत, डब्याच्या झाकणाखालचं यीस्ट टाकलं आणि फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) धुण्याच्या खोलीत ठेवून दिला. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन) सुरुवातीला १.०३९, शेवटी १.००६. रंग छान काळसर आला पण चव एकदम पाणचट, वरून आंबलेल्या सफरचंदाच्या रसासारखा वास, आणि घोट गिळला की तोंडात काहीच राहत नाही. मला जी हवीये ती जरा जाडसर, भाजलेल्या धान्याची आणि हलक्या कॉफीची चव असलेली. जुलैत भाऊ येतोय पुण्याहून, त्याला थंडीत स्वतः केलेली चांगली डार्क एल पाजायची फार इच्छा आहे. दुसरा डबा आणून ठेवलाय. दुकानात १.५ किलोचा डार्क मॉल्ट एक्स्ट्रॅक्टचा डबा दिसला, तो सरळ ओतू का? का ड्राय मॉल्ट (मॉल्ट एक्स्ट्रॅक्टची कोरडी पावडर) घेऊ? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा, सगळं पाळीन.

सोलापुरी_शेंगा:
ओता बिनधास्त. साखर काढा आणि त्या जागी १.५ किलोचा डार्क मॉल्टचा डबा, एवढ्यानेच जमीन अस्मानाचा फरक पडतो. मी ब्रिस्बेनला ४ वर्षं हेच करतोय. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही उरत नाही म्हणून पाणचट लागतं. मॉल्टमधल्या काही साखरा यीस्टला खाता येत नाहीत, त्या बिअरमध्ये राहतात, तीच बॉडी, म्हणजे जाडसरपणा.

खमीरवाला:
शेंगांशी साखरेबद्दल १०० टक्के सहमत, डार्क मॉल्टच्या डब्याबद्दल नाही. काळी_मिरी, तुला अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

आधी हिशोब बघ म्हणजे कळेल. डब्यातला १.७ किलो पाक २३ लिटरमध्ये साधारण २२ पॉइंट देतो, म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२२. १ किलो साखर १६-१७ पॉइंट देते. १ किलो ड्राय मॉल्ट पण जवळपास तेवढेच, १६. म्हणजे साखरेच्या जागी तेवढंच ड्राय मॉल्ट घातलं तर सुरुवातीचा आकडा तोच, ३८-३९ च्या आसपास, फक्त शेवटचा आकडा १.००६ ऐवजी १.०११-१२ ला थांबेल. तो ५-६ पॉइंटचा फरक म्हणजेच तू म्हणतोस ते तोंडात काहीतरी राहणं. दारूचं प्रमाण उलट थोडं कमीच होतं, पण बिअर भरलेली लागते. १.५ किलोचा पातळ मॉल्टचा डबा घेतलास तर १९-२० पॉइंट वाढतील.

आता डार्क मॉल्ट का नको. कीट आधीच डार्क आहे, रंग त्यात पुरेसा आहे. वरून डार्क एक्स्ट्रॅक्ट ओतला की काकवीसारखी जड गोड चव येते, भाजलेपणा वेगळा कळत नाही. आणि त्या डब्यात कुठलं धान्य किती भाजून घातलंय हे तुला समजायला मार्ग नसतो. मी दोन्ही करून बघितलंय. लाइट ड्राय मॉल्ट घे १ किलो, आणि भाजलेली चव तुझ्या हाताने धान्यातून काढ. तिथे खरी मजा आहे.

२०० ग्रॅम क्रिस्टल मॉल्ट (टॉफीसारखा गोडवा देणारं), मध्यम रंगाचा. १०० ग्रॅम चॉकलेट मॉल्ट. याच्यात चॉकलेट नसतं, बार्लीचंच मॉल्ट त्या रंगाला येईपर्यंत भाजलेलं असतं, चव कोऱ्या कॉफीच्या जवळची. होमब्रूच्या दुकानात सुटं मिळतं, दळून मागितलं तर दळून देतात. नसेल तर पिशवीत घालून लाटण्याने भरडायचं. मिक्सरला लावू नकोस, पीठ होतं आणि सगळी बिअर गढूळ होते. मलमलच्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधायची, ३ लिटर पाणी ६५ ते ७० डिग्रीला आणायचं, त्यात पुरचुंडी अर्धा तास बुडवून ठेवायची, झाकण घालून. पाणी ७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, सालातला तुरटपणा उतरतो, चहा जास्त उकळला की जीभ कशी ओढल्यासारखी होते तसं. पुरचुंडी पिळायची पण नाही, निथळू द्यायची.

काळी_मिरी:
अरे-तुरे चालेल दादा, आनंदच आहे. एवढं लिहिलंत, खूप आभार. दोन शंका. मॉल्ट वाढवलं तर गोड नाही का होणार? आणि साखरेऐवजी थोडा गूळ घातला तर? इंडियन दुकानात कोल्हापुरी मिळतो.

मालवणी_तडका:
पहिली शंका एकदम बरोबर आहे आणि बहुतेक लोक तिथेच चुकतात. कीटचा कडवटपणा हा डबा अधिक साधी साखर एवढा विचार करून ठरवलेला असतो. बिनहॉप्सचं मॉल्ट त्यात आलं की गोडवा वाढतो, कडवटपणा तेवढाच राहतो, तोल जातो. १०० ग्रॅम चॉकलेट मॉल्टने थोडा तोल येईल पण हॉप्स घालाच. फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज, १५ ग्रॅम, २० मिनिटं उकळा. उकळायचे कशात तर धान्य काढल्यावर जे ३ लिटर काळं पाणी उरलंय त्यातच, पण त्या १ किलोतलं ३०० ग्रॅम ड्राय मॉल्ट त्यात विरघळवून. कीटचा डबा मात्र उकळू नका, गॅस बंद केल्यावर मिसळा, त्यात असलेला हॉप्सचा वास उडून जातो आणि उकळून मिळत काहीच नाही.

ड्राय मॉल्टची एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. पातेल्यातून वाफ येत असताना वरून पुडा ओतला की चमचा, पुडा, हात सगळ्याला चिक्कीच्या पाकासारखं चिकटतं आणि गुठळ्या होतात. बेसन कालवतो तसं आधी गार पाण्यात कालवून घ्या. आणि उकळी येताना दुधासारखं उतू जातं, तिथून हलू नका.

गुळाचं म्हणाल तर तो पण शेवटी साखरच, यीस्ट जवळजवळ सगळा खातं. घातलाच तर २०० ग्रॅमच्या वर नको, आणि तो मॉल्टच्या जागी नको. पहिल्या सुधारित बॅचला तर अजिबात नको, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

बर्मिंगहॅमकर:
इंग्लंडमधून माझी भर. तुम्हाला जे हवंय ते आमच्या मिडलंड्समधल्या डार्क माइल्डच्या जवळपास जातंय. काळसर, दारू कमी, पण पोट भरल्यासारखं वाटतं, ते सगळं क्रिस्टल आणि भाजलेल्या मॉल्टमुळे. इथे घरी बिअर करायला १८८० पासून परवाना लागायचा, तो १९६३ मध्ये काढला आणि मग घरोघरी डबे, बादल्या आल्या. इथल्या जुन्या लोकांचा एक साधा उपाय म्हणजे पाणी कमी घाला. डब्यावर २३ लिटर लिहिलंय म्हणून २३ केलेच पाहिजेत असं नाही. २१ करा. ४-५ बाटल्या कमी मिळतील पण चव दाट.

यीस्ट पण बदला. डब्याबरोबरचं यीस्ट वाईट नसतं पण ७ ग्रॅम म्हणजे जेमतेम. सेफेल एस-०४ चं ११.५ ग्रॅमचं पाकीट घ्या, इंग्लिश एलचं यीस्ट आहे, तळाला घट्ट बसतं.

खमीरवाला:
आता यीस्टचा विषय निघालाच आहे तर काळी_मिरी मला सांग, धुण्याच्या खोलीत फेब्रुवारीत तापमान किती होतं?

काळी_मिरी:
मोजलं नाही नीट, फर्मेंटरवरची पट्टी २८ दाखवत होती. डब्यावर २७ पर्यंत चालेल असं वाचल्याचं आठवतंय म्हणून दुर्लक्ष केलं.

खमीरवाला:
मग तुझा तो सफरचंदाचा वास निम्मा तिथूनच आला असणार. २८ ला यीस्ट धावतं, नको ते वास सोडतं, आणि वरून साखर. तू जगातलं सगळं मॉल्ट घातलंस आणि २८ ला आंबवलंस तर पैसे वायाच. मी तर म्हणतो मॉल्टच्या आधी तापमान. १८ डिग्री धर, पहिले ४ दिवस तरी २० च्या वर जाऊ देऊ नकोस. फ्रीजची गरज नाही. आपल्याकडे माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तेच करायचं. मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर, त्याला जुना टी-शर्ट घालायचा ज्याची कड पाण्यात राहील, आणि समोर पंखा. फार गरम झालं तर पाण्याच्या बाटल्या बर्फ करून टबात टाकायच्या. तू आत्ता मे मध्ये करणार असशील तर मेलबर्नला गारठाच असतो, उलट रात्री १५ च्या खाली जाणार नाही एवढं बघ, यीस्ट झोपतं.

पुण्याचा_पाऊस:
वाचून फार हुरूप आला. हे सगळं सामान मागवून पुण्यात घरी करता येईल का?

मालवणी_तडका:
नाही हो, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणं गुन्हा आहे. इथे ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती केलेली चालते, विकता येत नाही, आणि ऊर्ध्वपातन करून दारू काढणं इथेही परवान्याशिवाय चालत नाही. पुण्यात मायक्रोब्रुअरीत जाऊन डार्क बिअर प्या.

सोलापुरी_शेंगा:
खमीरवाला तुमचा हिशोब पटला, मी पण पुढच्या वेळी लाइट मॉल्ट आणि धान्य करून बघतो. माझी बिअर जड होते हे खरंच आहे, मी डार्क मॉल्टची सवयच लावून घेतलीये. काळी_मिरी, बाटल्या भरायची घाई करू नका. लागोपाठ ३ दिवस हायड्रोमीटरचा आकडा हलला नाही तरच भरा. मॉल्टवाली बॅच साखरेपेक्षा हळू संपते. लवकर भरली तर काचेची बाटली फुटते, हाताला लागू शकतं. प्लॅस्टिकच्या ७४० मिलीच्या घ्या. डार्क एलला फेस जास्त नको, बाटलीला ४ ग्रॅम साखर खूप झाली.

बर्मिंगहॅमकर:
आणि भरल्यावर ३ आठवडे हात लावू नका. पहिल्या आठवड्यात भाजलेलं मॉल्ट राखेसारखं लागतं, मग गोल होतं.

काळी_मिरी:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, उशिरा कळवतोय. मे च्या दुसऱ्या आठवड्यात केली. कीट, १ किलो लाइट ड्राय मॉल्ट, २०० क्रिस्टल, १०० चॉकलेट, १५ ग्रॅम फगल २० मिनिटं, २१ लिटर, एस-०४, टबात १८ डिग्री. सुरुवात १.०४४, १५ दिवसांनी १.०१३ ला ठाम थांबली, म्हणजे ४ टक्क्यांच्या जरा वर, साखरवालीपेक्षा किंचित कमी. धान्य भिजवताना आख्ख्या घरात भाजलेल्या फुटाण्यांसारखा वास सुटला होता, बायको खोलीतून उठून बघायला आली काय चाललंय. बाटली भरताना जो घोट घेतला तो कडवट आणि राखेसारखाच होता, तुम्ही सांगितलं नसतं तर घाबरलो असतो. काल ३ आठवडे झाले. उघडली. फेस तपकिरी आणि टिकणारा, सफरचंदाचा वास अजिबात नाही, आधी कॉफी मग मागून क्रिस्टलचा टॉफीसारखा गोडवा, आणि घोट गेल्यावर चव राहते. मला अजून थोडा भाजलेपणा चालेल, पुढच्या वेळी चॉकलेट १५० करू का ५० ग्रॅम रोस्टेड बार्ली घालू?

खमीरवाला:
वा, फार बरं वाटलं वाचून. रोस्टेड बार्ली घातलीस तर चव स्टाउटकडे (आणखी काळ्या, जास्त भाजक्या चवीच्या बिअरकडे) वळते, कोरडी होते. डार्क एलच हवी असेल तर चॉकलेट १५० कर आणि बाकी काही बदलू नकोस. भाऊ यायच्या आत होणार नाही ती, त्याच्यासाठी याच बॅचच्या ८-१० बाटल्या आत्ताच बाजूला काढून अंधारात ठेव.