अनुभव हवेत : खाजगी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवणं

पुढच्या सत्रापासून एका खाजगी शाळेत लहान मुलांना अर्धवेळ इंग्रजी शिकवणार आहे. आठवड्याला सहा तासिका. आजवर फक्त घरातल्या मुलांना शिकवलंय. हे काम केलेल्यांनी सविस्तर लिहा : मुलं बोलती कशी झाली, कुठे चुकलं, शाळेशी आधीच काय ठरवावं?

*

मी चार वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. सुरुवातीला सगळी 26 अक्षरं पाठ करून घेतली आणि तरी कुणाला 'पिन' वाचता येईना. फळ्याकडे बघून मुलं 'पी-आय-एन' म्हणायची आणि थांबायची. मराठीत 'प' चं नाव 'प' आणि आवाजही 'प'. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं, आवाज वेगळा; हे त्यांना सांगायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. मग एका अनुभवी बाईंनी स्, ॲ, ट्, इ, प्, न् या सहा आवाजांपासून सुरुवात करायला सांगितलं. एवढ्यातच सॅट, टॅप, पॅन, पिन, टिन, निप असे कितीतरी शब्द होतात. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने 'स्पिन' जोडून वाचला. तो मी शिकवलाच नव्हता! सहाच तासिका असतील तर अक्षरांच्या नावांवर महिना घालवू नका, ही कळकळीची विनंती.

*

'नाइट' (knight, म्हणजे सरदार) मधला के बोलायचा नाही तर लिहायचा कशाला, असं एका मुलाने विचारलं होतं. "तसंच असतं," म्हणून मी त्याला खाली बसवलं. याचं आजही वाईट वाटतं. घरी जाऊन वाचलं, तर पूर्वी तो 'क' खरंच उच्चारला जात होता. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला, छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली. उच्चार मात्र बदलत राहिले आणि तो 'क' गळला. दुसऱ्या दिवशी वर्गाची माफी मागितली आणि सगळ्यांनी मिळून 'क्नाइट, क्नी, क्नाइफ' म्हटलं. पुढच्या श्रुतलेखनात के फारसं कुणी विसरलं नाही.

तसंच 'कॅट' आणि 'सिटी' मध्ये सी चे दोन आवाज का, यावर 'चार चाकं' म्हणायला सांगा. दोन्ही च सारखे येत नाहीत, हे मुलं स्वतःच ओळखतात. मग इंग्रजीचा राग थोडा कमी होतो.

*

पैशांचं आधी बोला, आणि लेखी घ्या. मानधन तासिकेवर की महिन्यावर? सुट्टीत मिळणार का? बदली तास, पेपर काढणं, पालकसभा यांचं काय? माझ्याकडे तीन वर्ग होते, प्रत्येकी चाळीस मुलं. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी 120 वह्यांना चार तास लागतात. ते कुणीच मोजले नाहीत. मुलांसाठी जीव तुटायचा, म्हणून मी दोन वर्षं गप्प राहिले. तसं करू नका.

*

"यू आर कमिंग?" किंवा "डिड यू वेंट?" ऐकून लगेच टोकू नका. 'तू येतोयस' पुढे नुसता 'का' लावला की आपला प्रश्न तयार होतो, शब्दांची जागा हलत नाही. मूल तेच इंग्रजीत करतं. मी नुसतं बरोबर वाक्य परत म्हणते, "डिड आय गो? येस, आय डिड," आणि गप्पा पुढे नेते. लाल पेन लिखाणापुरतं.

*

माझ्या वर्गात एक मुलगा जूनपासून दिवाळीपर्यंत इंग्रजीत एक शब्द बोलला नाही. त्याला काहीच येत नाही, असं बाकीचे शिक्षक म्हणायचे. मी रोज पाच मिनिटं फक्त कृती घ्यायचो : स्टँड अप, टर्न अराउंड, टच द डोअर. सगळ्या कृती तो अचूक करायचा, कधीकधी इतरांच्या आधी. म्हणजे समजत सगळं होतं. मी त्याच्यावर बोलण्याची सक्ती केली नाही. नोव्हेंबरात मुलांनी आज्ञा द्यायच्या आणि मी पाळायच्या, असा खेळ सुरू केला. तिसऱ्या दिवशी त्याने हात वर केला, उभा राहिला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, सिट डाउन."

मी बसलो. मग त्याने मला दिवसभर पुरतील एवढ्या आज्ञा दिल्या.

*

मनापासून आभार. मानधनाचं उद्याच बोलून घेते. एकच विचारायचं राहिलं : वर्गात काहींना वाचता येतं आणि काहींना अक्षरओळखही नाही, तर अर्ध्या तासात दोघांना कसं सांभाळता?