एपकॉटला नवं करताना त्याचा विषयच पुसला जातोय का?

संत्रानगरीचा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात नातीला घेऊन फ्लोरिडातल्या एपकॉटला जाऊन आलो. परत आल्यापासून डोक्यात एकच घोळतंय, म्हणून हा धागा.

ज्यांना जागा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्ने वर्ल्डमधलं हे दुसरं उद्यान, १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलं. वॉल्ट डिस्नेला इथे खरं तर एक शहर वसवायचं होतं, वीस हजार माणसं राहतील असं. १९६६ च्या डिसेंबरात तो गेला आणि शहराऐवजी कायमस्वरूपी प्रदर्शन उभं राहिलं. पुढच्या अर्ध्या भागात ऊर्जा, वाहतूक, शेती, संदेशवहन अशा विषयांचे मंडप, मागे तळ्याभोवती देशांचे मंडप. देश आधी नऊ होते, आता अकरा आहेत. (त्यात भारत अजूनही नाही, हे मला दर वेळी टोचतं. पण तो वेगळा विषय.) सुरुवातीला तर इथे मिकी माऊसलाही जागा नव्हती. मोठ्या माणसांनीही काही शिकून बाहेर पडावं, असा त्या जागेचा बेत होता.

मी १९९७ साली नोकरीसाठी अमेरिकेत आलो. त्याच हिवाळ्यात बाबा नागपूरहून भेटीला आले. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. त्यांना मी एपकॉटमधल्या होरायझन्स या राईडमध्ये नेलं. वरून टांगलेल्या छोट्या डब्यात बसायचं, डबा अंधारातून संथ सरकायचा आणि समोर पुढच्या शतकातली घरं दिसायची: समुद्राखालची वस्ती, अंतराळातली वसाहत, वाळवंटातली शेती. डबा वाळवंटातल्या शेताशी आला की संत्र्यांचा वास यायचा. बाबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "अरे, हा तर काटोलच्या बागेतला वास!" शेवटी परतीची वाट बटण दाबून निवडायची असे, अंतराळातून, वाळवंटातून की समुद्रातून. बाबांनी वाळवंट निवडलं. बाहेर येऊन बाकावर बसलो, तर तासभर ते एकाच गोष्टीवर बोलत राहिले: वाळवंटात बाग फुलवायची तर पाणी आणायचं कुठून. मग म्हणाले, पुन्हा एकदा बसू या.

९ जानेवारी १९९९ ला ती राईड बंद झाली, नंतर इमारतच पाडली. २००३ पासून तिथे मिशन: स्पेस आहे.

मला बदलाचं वावडं नाही. पण नवं करायचं म्हणजे विषय तोच ठेवून सांगण्याची रीत बदलायची, असं मी समजतो. ऊर्जेच्या मंडपाचं काय झालं बघा. १९८२ मध्ये त्याच्या छपरावर ऐंशी हजार सौर घट बसवले होते, आणि आतल्या फिरत्या प्रेक्षागृहांना लागणाऱ्या विजेतला काही भाग ते पुरवत. २०१७ मध्ये तो मंडप बंद केला. २०२२ मध्ये त्याच जागी सुपरहिरोंच्या चित्रपटावर बेतलेली कॉस्मिक रिवाइंड आली. ऊर्जेबद्दल आत अक्षरही नाही. सौर पॅनेल घरोघरी बसायला लागले, मुलांनी जो विषय समजून घ्यावा असे दिवस खरे आत्ता आले, आणि नेमका तेव्हा तो मंडप गेला. राईड छान आहे, नात खूश होती, मीही आनंदाने ओरडलो. पण बाहेर आल्यावर बाकावर बसून बोलण्यासारखं आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

जर्सीची आई

काका, बाबांची आठवण वाचून डोळ्यांत पाणी आलं. मुद्दा मात्र अजिबात पटला नाही.

ऊर्जेचा मंडप एक्सॉनच्या पैशावर उभा होता. वाहतुकीचा जनरल मोटर्सच्या, शेतीचा खाद्यपदार्थ विकणाऱ्या क्राफ्टच्या. तेल विकणारी कंपनी माझ्या मुलांना ऊर्जेचं भविष्य सांगणार आणि मोटारी विकणारी कंपनी प्रवासाचं, याला मी शिक्षण कसं म्हणू? त्यापेक्षा चित्रपटातली पात्रं बरी. ती आपण शिकवतोय असं म्हणत तरी नाहीत.

दुसरं, त्या मंडपाचं शेवटचं रूप १९९६ सालचं. तेच २०१७ पर्यंत दाखवत होते. पाऊण तास अंधारात बसायचं, मधे डायनासोर, आणि माहिती एकवीस वर्षं जुनी. आम्ही २०१५ मध्ये गेलो होतो. माझ्या पाच वर्षांच्या लेकाला डायनासोर आठवतात, ऊर्जा नाही. विज्ञान इतकं शिळं वाढण्यापेक्षा न वाढलेलं बरं.

---

यंत्रवेडा

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि अडचण तुम्ही म्हणता तिथे नाहीच. अडचण पैशाच्या वाटेत आहे.

ही सगळी व्यवस्था प्रायोजकांच्या जिवावर बेतलेली होती. कंपनीने पैसे द्यायचे, बदल्यात मंडपावर नाव. कंपनीने हात काढून घेतला की मंडप पोरका. होरायझन्सचा प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक १९९३ मध्ये बाहेर पडला आणि पुढची पाच-सहा वर्षं ती राईड धुगधुगीवर चालली. चित्रपटातल्या पात्रांना मात्र प्रायोजक लागत नाही, ती घरचीच असतात, शिवाय बाहेर पडताना दुकानात बाहुली खपते. हिशेब सरळ आहे. तो मला आवडत नाही, पण डोळ्यांआड करून चालणार नाही.

आता प्रवेशाशी जो चंदेरी गोल दिसतो, त्या स्पेसशिप अर्थकडे बघा. १८० फूट उंच. बाहेरून ११,३२४ त्रिकोणी तावदानं. पाऊस पडला की पाणी खालच्या माणसांच्या डोक्यावर ठिबकत नाही, सांध्यांमधून आत घेऊन मागच्या तळ्यात सोडतात. आत गुहेतल्या माणसापासून संगणकापर्यंत माणूस एकमेकांशी कसा बोलत आला याची कथा. लिखाण करताना झोप लागलेला मठातला साधू, गुटेनबर्गचा छापखाना, जळत्या रोमचा तो धुरकट वास. हा सांगाडा १९८२ पासून तोच आहे. पण निवेदन १९८६, १९९४ आणि २००८ मध्ये बदललं, त्याबरोबर शेवटची दृश्यंही बदलली. धागाकर्ते म्हणतात ते "विषय तोच, सांगणं नवं" इथे खरोखर करून दाखवलं आहे.

दुःख एवढंच की २००८ नंतर तिथे कोणी हात लावला नाही. गॅरेजमध्ये संगणक बनवणाऱ्या पोरापाशी गोष्ट संपते. मोबाइल नाही, इंटरनेटने माणसामाणसांतलं बोलणं कसं बदललं ते नाही. प्रायोजक सीमेन्स २०१७ मध्ये गेला, मोठं नूतनीकरण २०१९ मध्ये जाहीर झालं आणि २०२० च्या साथीत बारगळलं. मला विचाराल तर सगळा पैसा आधी इथे लावायला हवा होता.

---

संत्रानगरीचा

@जर्सीची आई, पैसा कोणाचा हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि मी तो मूळ लेखात टाळला हेही खरं. पण तेल कंपनी गेली तेव्हा मंडप मोकळा झाला होता ना? आता प्रामाणिकपणे सांगता आलं असतं की कोळसा जाळला तर काय होतं आणि वाऱ्यावर वीज कशी होते. शिळं अन्न टाकून द्यावं हे कबूल. पण म्हणून चूलच विझवायची?

---

मुलुंडचे मास्तर

मुलाकडे अटलांटाला आलो होतो तेव्हा एक दिवस एपकॉट पाहिलं. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

संत्रानगरीचा, तुम्ही ज्याला शिक्षण म्हणताय ते मला वेगळं वाटतं. डब्यात बसून चित्रं बघणं हे कीर्तन झालं. कीर्तनानेही माणूस घडतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण विज्ञान मुलाच्या हाताला लागावं लागतं. मी दर वर्षी पोरांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यायचो. तिथे मुलं चाक फिरवायची, दोरी ओढायची, आरशात वाकडीतिकडी दिसायची, आणि परतीच्या बसमध्ये "सर, असं का होतं?" सुरू व्हायचं. माझ्या लेखी तो प्रश्न म्हणजे शिक्षण. एपकॉटच्या जुन्या मधल्या दालनांत असे हाताळायचे प्रयोग होते, संगणकही ठेवले होते, असं मुलगा सांगत होता. मी गेलो तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं. शोक करायचा तर त्याचा करा.

एक चांगलं मात्र पाहिलं. २०२३ मध्ये उघडलेली पाण्याची पायवाट.

---

जर्सीची आई

मास्तर, तेच लिहायला आले होते! ती पायवाट मोआना या चित्रपटावर आहे, आणि म्हणूनच माझी धाकटी तिथे थांबली. हात पुढे केला की पाणी उसळतं, हात मागे घेतला की खाली बसतं. चालता चालता पाऊस, ओढा, नदी, समुद्र आणि परत ढग अशी फेरी पूर्ण होते. सहा वर्षांची पोर बाहेर येऊन मला म्हणाली, "आई, म्हणजे हे तेच तेच पाणी आहे?" काका, सांगा आता, यात विषय पुसला गेला की मुलांपर्यंत पोचला?

चित्रपटाचं नाव दिसलं की शिक्षण संपलं, हा तुमचा हिशेबच मला मान्य नाही.

---

संत्रानगरीचा

ही पायवाट मी चालून आलोय आणि तुमचं म्हणणं मान्य करतो. तिथे पात्र पाण्याच्या कामाला आलंय. माझी तक्रार जिथे विषय पात्राच्या कामाला लावलाय तिथली आहे. नॉर्वेच्या मंडपात त्या देशाचा समुद्र, दंतकथा, तेलविहिरी दाखवणारी नावेची राईड होती. २०१६ पासून त्याच नावा फ्रोझन या चित्रपटातल्या राजवाड्यातून फिरतात. तो राजवाडा कुठल्या देशात आहे? कुठल्याच नाही.

---

वॉर्डातली ताई

मी परिचारिका आहे, म्हणून माझं दुखणं वेगळं. १९८९ मध्ये तिथे आरोग्याचा मंडप उघडला होता, वंडर्स ऑफ लाइफ. मेंदूत बसून एका शाळकरी मुलाचा दिवस चालवायचा, रक्तातून फेरफटका मारायचा, बाळ कसं जन्मतं ते आईबापांच्या सोबत बसून बघायचं. २००७ च्या पहिल्याच दिवसापासून बंद. २०१९ मध्ये तिथे नवा खेळाचा मंडप येणार असं जाहीर झालं, तोही आला नाही. एवढी मोठी साथ येऊन गेली, लस म्हणजे काय, ताप का येतो हे मुलांना सांगायची याहून मोठी निकड कधी होती? इमारत तर उभीच होती.

चित्रपट की विज्ञान हा वाद होत राहील. रिकामं ठेवणं मात्र कोणत्याही बाजूने पटत नाही.

---

तासगावचा बागायतदार

मी बोलत नाही सहसा, वाचतो. पण शेतीच्या मंडपाचं कुणी नावच काढंना म्हणून लिहितो.

लेक ऑर्लँडोला असती. दोन वर्षांमागं तिनं नेलं. मला त्या जोराच्या पाळण्यांत रस नव्हता, तर तिनं नावेत बसवलं, लिव्हिंग विथ द लँड. आधी थोडा देखावा, आणि मग नाव सरळ काचेच्या घरात शिरली. खरंखुरं पीक! टोमॅटोचा वेल वर मांडवावर चढवलेला, द्राक्षाच्या मांडवागत, आणि घोस खाली लोंबत्यात. एक रोप असं की मुळं हवेत लटकत्यात आन् त्यांवर पोषक पाण्याचा फवारा मारत्यात, मातीचा कण नाही. डोक्याएवढी लिंबं. शेजारी माशांच्या टाक्या. लेक म्हणाली ह्यातला माल इथल्याच हॉटेलात जातो.

आमच्याकडं ठिबक आली तेव्हा माझा चुलता म्हणत होता थेंबानं बाग भिजती व्हय? आता ठिबकशिवाय पान हलत नाही. तसं त्या मुळाकडं बघून मला वाटलं. मी नावेतून उतरलो आणि परत रांगेत. तीनदा बसलो. लेक कंटाळली.

तुमी सगळी भविष्य शिळं होतं म्हणताय. हितं कसं शिळं होईल? पीक रोज नवं हाय. चित्र जुनं होतं, झाड होत नाही. १९८२ पासनं ही नाव चालू हाय म्हणत्यात, आन् कुठलं पात्र लागलं नाही.

तक्रार एकच. नाव लई पळती. रोपापाशी जरा थांबवा की.

---

यंत्रवेडा

बागायतदार, तुमच्यासाठी एक माहिती. पूर्वी प्रत्येक नावेत माणूस उभा राहून सांगायचा, प्रश्न विचारता यायचे. २००६ च्या सुमारास तिथे ध्वनिमुद्रित निवेदन आलं. आणि काचघरात पायी हिंडवणारी एक फेरी असते, वेगळे पैसे पडतात. तिथे काम करणारी माणसं बरोबर येतात, थांबून उत्तरं देतात. पुढच्या वेळी लेकीला ती आधी ठरवायला सांगा.

---

मुलुंडचे मास्तर

माणूस काढून ध्वनिमुद्रण बसवलं, हे वाचून वाईट वाटलं. मला आता वाटतं चित्रपटापेक्षा हा बदल जास्त गंभीर आहे, आणि त्यावर कोणी धागा काढला नाही.

---

जर्सीची आई

मास्तर, नावेतल्या माणसाबद्दल सहमत.

काका, कॉस्मिक रिवाइंडवरून माझं मत बदललेलं नाही. मुलांना दिवसातून एकदा पोटात गोळा येईपर्यंत ओरडायलाही मिळालं पाहिजे, आणि त्या आनंदासाठी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला तयार होतात. पण नाताळच्या सुट्टीत जातोय, तेव्हा ती काचघराची पायी फेरी चौघांसाठी घेते. मोठ्याला वहीत लिहून आणायला सांगणार आहे, मुळांना माती लागत नसेल तर झाड उभं कशावर राहतं. उत्तर मिळालं की इथेच टाकते.

---

तासगावचा बागायतदार

ताई, पाण्यात काय काय मिसळत्यात आणि किती, तेबी विचारा. मला पाहिजे.