पोळी सोडायच्या आधी रक्त तपासा

नीलमोहोर सोसायटी, आरोग्य ग्रुप

सुषमा काकू (ए-१०१): सकाळपासून तिसऱ्यांदा हा फॉरवर्ड आलाय. पोट फुगतं, थकवा येतो, तर आजपासून घरातला गहू बंद करा म्हणे, महिनाभरात फरक दिसेल. ग्रुपवर डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते, यात किती तथ्य आहे?

डॉ. अनघा (बी-४०३): काकू, "आजपासून बंद करा" हाच त्यातला घातक भाग. सिलिॲक हा आजार खरा आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पण त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच भरवशाची. पोळी बंद केली की रक्तातल्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं, तपासणीत हीच मोजतात) उतरत जातात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि आजार असूनही "तुम्हाला काही नाही" असं सांगितलं जातं. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

जोशी काका (ए-३०२): हा पंजाबकडचा आजार ना? आपण भात-भाकरीवाले.

डॉ. शेखर (सी-६०२): काका, अर्धं बरोबर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. गंमत म्हणजे ज्या जनुकांवर हा आजार होऊ शकतो (डीक्यू२ आणि डीक्यू८) ती दक्षिणेतल्या लोकांतही साधारण तेवढीच सापडली, पण तिकडे गहू कमी खातात. आता पुण्या-मुंबईत दोन्ही वेळ पोळी, सकाळी ब्रेड, मधल्या वेळेला बिस्किट. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तर गहू कधीपासूनच मुख्य. त्यामुळे "आपल्यात नसतो" असं धरून चालू नका.

केतकी (बी-२०५): मुलांमध्ये नक्की काय बघायचं? नुसतं पोट फुगणं तर निम्म्या बालवाडीत असतं.

डॉ. अनघा (बी-४०३): म्हणूनच नुसतं पोट बघायचं नाही. ठरावीक चित्र सहा महिने ते दोन वर्षं या वयात दिसतं. वरच्या आहारात गहू सुरू होतो, काही महिने बरे जातात, मग वजन थांबतं. शी दिवसातून बऱ्याचदा, भरपूर, फिकट, तेलकट, उग्र वासाची, भांड्याला चिकटणारी. मूल सतत किरकिरं, जेवणाकडे पाठ.

कपडे काढून उभं करा आणि बाजूने बघा, पोट पुढे आलेलं. मग मागून बघा. हे बहुतेक कुणी करत नाही. दंड, मांड्या आणि विशेषतः ढुंगणावरचं मांस झिजलेलं असतं, तिथली कातडी सैल होऊन घड्या पडतात. भरल्या अंगाच्या मुलाचं पोट पुढे असेल तर मी फार काळजी करणार नाही. पोट मोठं आणि बूड सपाट ही जोडी दिसली की तपासणी लिहून देते.

केतकी (बी-२०५): आणि शाळेत जाणाऱ्या मुलांत?

डॉ. अनघा (बी-४०३): तिथे जुलाब नसतातही. उलट बद्धकोष्ठ असतो. कधी उंची खुंटणं हे एकच लक्षण असतं. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. चारच्या खाली आलं तर दाखवा. दर सहा महिन्यांनी एकाच भिंतीशी, अनवाणी, टाचा टेकवून उंची मोजा आणि तक्त्यावर मांडा. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता, त्यापुढे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा. "आमच्या घरात सगळेच बुटके" हे ऐकायला मिळतं, पण घराण्याने बुटकं असलेलं मूल आपल्या रेषेवर टिकून वाढतं. जे मूल एक एक रेष सोडून खाली घसरतं, त्याच्यात काहीतरी अडलेलं असतं.

बाकी खुणा: पाय बाकदार होणं (मुडदूस), वारंवार तोंड येणं, वयात यायला उशीर. आणि लोहाचं औषध नीट घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन.

डॉ. नितीन (सी-२०२): दातांचं मी सांगतो, कारण आमच्याकडे कुणी हा विचार करून येत नाही. पक्क्या दातांचं इनॅमल साधारण सात वर्षांपर्यंत तयार होत असतं, त्या काळात आजार असेल तर त्याची नोंद दातावर राहते. समोरचे पटाशीचे दात आणि पहिल्या दाढा. पांढरे, पिवळट किंवा तपकिरी डाग, आडव्या खाचा, बारीक खड्डे, कधी टोक झिजल्यासारखं. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. उजव्या दातावर आहे तसंच डाव्या जोडीदारावर. एकाच दातावर डाग असेल तर दुधाच्या दाताला लागलेला मार वगैरे आठवून बघा.

जोशी काका (ए-३०२): आमच्या यवतमाळकडे निम्म्या गावाचे दात पिवळे, मग?

डॉ. नितीन (सी-२०२): तो फ्लोराइडचा प्रश्न, काका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे भावंडं, शेजारी सगळ्यांचे दात तसेच. पुण्यात नळाचं पाणी पिणाऱ्या एकाच मुलाचे दात असे आणि वर उंची कमी, तर मी बालरोगतज्ज्ञाला चिठ्ठी देतो. हे डाग गहू सोडून जात नाहीत बरं का, ते पक्के. पथ्याने पुढच्या दातांचं रक्षण होतं इतकंच.

अमित (ए-४०४): टँकर आला का कुणाकडे?

सुषमा काकू (ए-१०१): अमित, ते मेंटेनन्स ग्रुपवर विचार. डॉ. शेखर, मोठ्यांचं सांगा.

डॉ. शेखर (सी-६०२): मोठ्यांत चित्र आणखी फसवं. जुलाब नाहीत, वजन नॉर्मल किंवा जास्तही, आणि तक्रार एकच, दम लागतो, थकायला होतं. हिमोग्लोबिन आठ-नऊ. बाई असेल तर पाळीवर ढकललं जातं, पुरुष असेल तर मूळव्याधीवर. कारण समजून घ्या. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि हा आजार तिथेच जोरात असतो. आतड्याच्या आतला पृष्ठभाग नवीन टर्किश टॉवेलसारखा असतो, या आजारात तो झिजून पंचासारखा सपाट होतो. मग गोळी पोटात जाते, पण रक्तापर्यंत पोचत नाही.

साधी कसोटी: गोळी रोज, चहा-दुधासोबत नाही, तर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळीचा ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधा.

अंगावरच्या खुणा: नखं पातळ होऊन मधोमध खोलगट, जीभ लाल आणि गुळगुळीत, ओठांचे कोपरे चिरलेले, हातापायाला मुंग्या. हाडं ठिसूळ होतात, किरकोळ पडण्याने मनगट मोडतं. वारंवार गर्भपात, वंध्यत्व, कारण न सापडता वाढलेले यकृताचे एन्झाइम हेही यात येतं. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार असलेल्यांत आणि सिलिॲक रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात लक्षणं नसली तरी तपासावं.

प्राची (सी-१०३): कोपरांवर खाज, खरूज समजून मलम लावतात, तेही यातलंच ना?

डॉ. शेखर (सी-६०२): हो, असू शकतं. डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. आशियाई लोकांत कमी दिसतो, पण ओळख हवी. कोपरं, गुडघे, ढुंगण, डोक्याची कातडी, दोन्ही बाजूंना सारख्या जागी, बारीक फोडांचे झुबके. खाज इतकी की फोड शिल्लकच राहत नाहीत, डॉक्टरांसमोर नुसत्या खपल्या येतात. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, रात्री जास्त आणि घरात आणखी कुणाला तरी. हा तसा पसरत नाही. तुकडा तपासायचा तर फोडाचा नाही, शेजारच्या साध्या कातडीचा घेतात. डॅप्सोन या औषधाने खाज काही दिवसांत थांबते, पण आतडं तसंच राहतं, त्यामुळे गहू सोडावाच लागतो. आणि डॅप्सोनआधी जी-६-पीडी (लाल रक्तपेशींतलं एक एन्झाइम) तपासणी हवीच.

केतकी (बी-२०५): तपासणीचं नाव?

समीर, पॅथॉलॉजी (सी-५०१): टीटीजी-आयजीए, म्हणजे सिलिॲकच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी, आणि सोबत एकूण आयजीए (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार). दुसरं पैसे वाचवायला वगळलं जातं, ते करू नका. सिलिॲकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांत आयजीए मुळातच तयार होत नाही, तिथे टीटीजी-आयजीए खोटं नॉर्मल येतं. मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीची तपासणी करतात. उपाशीपोटी यायची गरज नाही. आणि "ग्लुटेन ॲलर्जी पॅनेल" नावाने जे घाऊक पॅकेज विकतात त्यात बऱ्याचदा भलत्याच तपासण्या असतात.

डॉ. अनघा (बी-४०३): पॉझिटिव्ह आलं की दुर्बिणीने आतड्याचे बारीक तुकडे (बायोप्सी) घेतात, ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) दुसऱ्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या भागातून एक-दोन. आजार तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला असतो, एकच तुकडा घेतला तर हुकू शकतो. मुलांत टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए (सिलिॲकची आणखी एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल, तर दुर्बिणीशिवायही निदान करता येतं. तो निर्णय पोटविकारतज्ज्ञांचा. ज्यांनी आधीच गहू सोडलाय त्यांना पुन्हा सुरू करावा लागतो, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा आणि किमान सहा आठवडे. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. मूल खूप अशक्त असेल तर हे मनाने करू नका.

सुषमा काकू (ए-१०१): आणि निदान झालं तर? भाकरी आहेच की आपल्याकडे.

रेवती, आहारतज्ज्ञ (बी-१०४): काकू, भाकरी आहे, पण गिरणी आड येते. आपल्याकडे ग्लुटेन-फ्री लेबलची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे. पाच किलो ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम गव्हाचं पीठ (त्यात साधारण दहावा भाग ग्लुटेन) मिसळलं तरी ती मर्यादा गाठली जाते. गिरणीवाल्याने आधी कुणाचा गहू दळला असेल, तर जात्यात आणि पिशवीत त्याहून जास्त उरतं. म्हणून घरगंटी, तीही फक्त या धान्यांसाठी. ज्वारी, बाजरी, नाचणी निवडून, धुऊन, वाळवून दळा. चाळणी, पोळपाट, लाटणं, तवा वेगळा. पुरी तळलेल्या तेलात साबुदाणा वडा नको.

आता घरात लपलेला गहू. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी, दोन्हींत परंपरेने गहू पडतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. सातू म्हणजे जव. शेवया, लापशी, सत्यनारायणाचा शिरा, तळणीचे मोदक हे उघड आहेत, उकडीचे चालतात. माल्ट (म्हणजे जवाचाच) घातलेली दुधातली पावडर बंद. आणि खपली गहू "जुना म्हणून चालतो" असं सांगतात, नाही चालत, त्यातही ग्लुटेन आहे. आंबवलेला ब्रेडही नाही.

प्राची (सी-१०३): दूध?

रेवती (बी-१०४): सुरुवातीला काही मुलांना बाधतं, कारण आतड्याचा तोच थर लॅक्टोज (दुधातली साखर) पचवतो. थर भरून आला की बहुतेकांना पुन्हा चालतं. कायमचं बंद करू नका, कॅल्शियम आधीच कमी असतं. पोटाच्या तक्रारी काही आठवड्यांत हलक्या होतात, टीटीजी उतरायला सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. सहा आणि बारा महिन्यांनी तपासा. उतरतच नसेल तर बहुतेक वेळा आजार हट्टी नसतो, स्वयंपाकघरात कुठेतरी गहू शिरलेला असतो.

जोशी काका (ए-३०२): उदाहरणार्थ?

रेवती (बी-१०४): हिंग. बांधणी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा घालतात, डब्याच्या मागे घटक वाचा. तांदळाचं पीठ किंवा डिंक वापरलेला मिळतो. नाहीच मिळाला तर फोडणीत लसूण, कढीपत्ता टाका, आमटीला काही होत नाही.