मदत हवी आहे: आग्नेय दिशा नेमकी कुठे धरायची?

नमस्कार मंडळी. गावचं जुनं घर उतरवून नवीन बांधतोय. वास्तुशास्त्राप्रमाणे स्वयंपाकाचा ओटा आग्नेयेला, देवघर ईशान्येला, ब्रह्मस्थान म्हणजे घराचा मधला भाग मोकळा, इथवर आईचं आणि माझं जमलंय. पण मोबाइलचं होकायंत्र पत्र्याच्या शेडपाशी एक दाखवतं, तुळशीपाशी वीसेक अंश वेगळंच! (लोखंडाची करामत, दुसरं काय.)

जुनी शंकूची रीत कुणी स्वतः करून पाहिलीय का? उभ्या काठीभोवती (हाच शंकू) वर्तुळ आखायचं, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे खुणा करायच्या. त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. काठी किती उंच, वर्तुळ केवढं घेऊ?

शिवाय समोरचा रस्ता तिरका आहे. भिंती रस्त्याला समांतर घ्यायच्या की दिशांना? आई म्हणते दिशांना. गवंडी नुसता हसतो.