चर्चा: हायस्कूलमध्ये नाच 'व्यवसाय विषय' म्हणून शिकवावा का?

तत्कार (धागाकर्ती):
सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी १७ वर्षं कथकचा क्लास चालवते. मागच्या महिन्यात इथल्या अनुदानित हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. मला वाटलं गॅदरिंग असेल, पण गॅदरिंगचा फोन डिसेंबरात येतो, हा जूनमध्ये! चहा पाजून म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे नववी-दहावीला ब्यूटी-वेलनेस आहे, ऑटोमोबाइल आहे. मग नाच का नको?"

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख आणि सहावी ते आठवीत १० दिवस दप्तराविना शाळा असं लिहिलंय. ते दहा दिवस कशाने भरायचे, ही त्यांचीही अडचण आहेच. पण माणूस मनापासून बोलत होता.

मी आराखडा केलाय तो असा. नववी-दहावीची २४ मुलं, दोन वर्षं. शनिवारी शाळा सुटल्यावर तीन तास, शिवाय आठवड्यातून दोनदा शेवटचा तास. पहिल्या वर्षी शरीर कमावणं, ताल, कथकचा पाया, एक लोकनृत्य. दुसऱ्या वर्षी खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायचं, गॅदरिंगचा नाच बसवायचा, कपडेपट सांभाळायचा, साउंडवाल्याशी बोलायचं, खर्चाचं अंदाजपत्रक काढायचं. गुणपत्रिकेवर विषय येणार नाही, तूर्त शाळेचंच प्रमाणपत्र. ज्यांना हवं त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या (शास्त्रीय संगीत-नृत्याच्या) परीक्षा द्याव्यात.

मला हे करावंसं वाटतं. पण झोप लागत नाही. बोला.

रोखठोक:
झोप लागत नाही ते बरंच आहे. एकच विचारतो. १७ वर्षांत तुमच्याकडे शिकलेल्यांपैकी किती जणी नाचावर पोट भरतात? ब्यूटी-वेलनेस शिकलेली पोरगी निदान घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकते. ज्यांच्या बापाकडे दोन एकर जिरायत आहे, त्यांना 'व्यवसाय' हा शब्द जपून ऐकवावा.

तत्कार:
काल रात्री वहीच काढून बसले. चारशेच्या आसपास मुली शिकून गेल्या. पाच जणी कमावतात. त्यातल्या तिघींचे क्लास आहेत, आणि खरं सांगायचं तर घर नवऱ्याच्या पगारावर चालतं. चौथी पुण्यात एका शाळेत नृत्यशिक्षिका आहे. पाचवी लग्नाच्या 'संगीत'चे नाच बसवते, आणि ती माझ्यापेक्षा जास्त कमावते. तिला माझ्याकडे तत्काराची दुगुण (कथकमधलं पायांचं काम, दुप्पट लयीत) कधीच जमली नाही.

रोखठोक:
चारशेत पाच. धागा इथेच संपायला हवा.

ठेका_त्रिताल:
संपत नाही. ती पाचवी पाहा. तिला दुगुण येत नव्हती, पण वधूच्या मामीला आठ मात्रांत कसं बसवायचं, गाणं कुठे कापायचं, आगाऊ रक्कम कशी मागायची, हे कळत होतं. ते तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. अभ्यासक्रम तोच असायला हवा.

विशारद पूर्ण:
मला हे वाचून त्रास होतो. गांधर्वच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. सात वर्षं घासल्यावर कुठे हात जागेवर पडायला लागतो. कथकच्या गुरू रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली ती मामीला आठ मात्रांत बसवण्यासाठी नव्हे. दोन वर्षांत तुम्ही नर्तक घडवणार नाही, 'स्टेप्स' बसवणारे घडवाल. नृत्याची पदवी हवी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबईत कनक रेळ्यांचं नालंदा नृत्य महाविद्यालय आहे. तिथे जाईपर्यंत मुलीला नुसतं शिकू द्या ना. पोटाचं ओझं पंधराव्या वर्षी कशाला?

तत्कार:
विशारद, तुमचं निम्मं पटतं. पण पुण्याला जाईपर्यंत टिकतात कुठे? दहावीच्या वर्षी क्लास बंद, हा नियमच आहे इथे. "आता अभ्यास." नाचाच्या परीक्षेबद्दल दहावीला बोर्ड जे सवलतीचे गुण देतं, तेवढ्यापुरती परीक्षा द्यायची आणि घुंगरू माळ्यावर. शाळेनेच विषय मानला तर निदान ती दोन वर्षं तुटणार नाहीत.

मधली सुट्टी:
मी शिक्षक आहे, २२ वर्षं. शाळेच्या बाजूने बोलतो, म्हणजे तुमच्या विरुद्ध.

पहिलं, हॉल. शाळेचा हॉल रिकामा दिसतो, पण नसतो. निवडणूक आली की मतदान केंद्र, फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र, पावसाळ्यात परिपाठ तिथेच, आणि मध्येच कुणाचा तरी सत्कार. शनिवार तर प्रशिक्षणांना आंदणच दिलाय.

दुसरं, माणूस. आमच्याकडे व्यवसाय विषयाच्या शिक्षिका बाहेरच्या एजन्सीमार्फत आल्या होत्या. कामाला तळमळीच्या, पण मानधन चार-चार महिने यायचं नाही. मुख्याध्यापक म्हणायचे एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणायची वरून आलं नाही. शेवटी दुसऱ्या सत्रात त्या गेल्या आणि मुलांनी पुस्तक पाठ करून परीक्षा दिली. तुमचं मानधन कोण देणार ते कागदावर आहे का? मुख्याध्यापक मनापासून बोलले म्हणता. ते निवृत्त कधी होतायत?

तत्कार:
पुढच्या मे मध्ये.

मधली सुट्टी:
मग झालंच की.

पाबळची जुनी बॅच:
मी या कल्पनेच्या बाजूने. पाबळच्या विज्ञान आश्रमाचा 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आमच्या शाळेत होता. डॉ. कलबागांनी १९८३ साली आश्रम काढला, तिथून तो शाळाशाळांत गेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, सगळं सगळ्यांना. शिकवायला गावातलेच कारागीर. आणि मुख्य म्हणजे खरी कामं. आम्ही ग्रामपंचायतीच्या बाकांचे पाय वेल्ड केले होते. एक बाक अजून हलतो, तो माझा.

आमच्यातले सगळे वेल्डर झाले नाहीत. कुणी विचारतही नाही चारशेत किती वेल्डर झाले म्हणून. नाचालाच हा हिशेब का लावता?

रोखठोक:
कारण हलणारा बाक दुरुस्त करता येतो. पंधरा वर्षांच्या मुलीला 'खरं काम' म्हणून गावच्या कार्यक्रमात नाचवायचं म्हणजे काय, जरा डोळ्यांसमोर आणा. पुढच्या रांगेत कोण बसतं, मोबाइल कोण काढतं.

कलम आणि कायदा:
रोखठोक यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. १४ वर्षांखालच्या मुलांना सिनेमा-मालिकांत काम करायची मुभा आहे, पण नियमांनी बांधलेली: दिवसाला ५ तासांहून जास्त नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त नाही, आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत. तुमची मुलं बहुतेक १४च्या पुढची असतील, तरी हाच हिशेब माप म्हणून घ्या. बाहेरचा कार्यक्रम घेतलाच तर पैसे शाळेच्या खात्यातून मुलांच्या खात्यात जाऊ द्या. आणि तालमीला दार उघडं, एक महिला शिक्षक हजर. हे पालकांच्या सभेआधी लिहून काढा, नंतर नको.

फडावरचं पोर:
तीन दिवस वाचतोय. लिहू की नको, चाललं होतं.

आमच्या घरात नाच हा व्यवसाय विषयच होता. आजी ढोलकीफडाच्या तमाशात, मावशी संगीतबारीत. (दोन्ही एक नव्हेत, फड वगासकट गावोगाव फिरतो, संगीतबारी थिएटरात लावणी करते, पण गावाला सगळ्याच नाचणाऱ्या.) पाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. तिथे कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. रक्कम, तारीख, किती बायका, हे विचारतात. माझी शाळा फडाच्या ट्रकबरोबर फिरायची. एका हजेरीपटावर वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा होता, तर गुरुजींनी भर वर्गात विचारलं, "काय लिहू रे?" वर्ग हसला. मला तेव्हा कळलंही नाही का ते.

आणि आता त्याच शाळेत डॉक्टर-वकिलांच्या मुली 'लोकनृत्य' म्हणून लावणी करणार, दोन वर्षांनी सर्टिफिकेट घेणार. करा. माझी तक्रार नाही. पण तुमच्या आराखड्यात 'एक लोकनृत्य' असे दोनच शब्द आहेत. ते कोण शिकवणार? तुम्ही यूट्यूबवर बघून?

लावणीच्या यमुनाबाई वाईकर तुमच्याच जिल्ह्यातल्या, वाईच्या. २०१२ साली पद्मश्री. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. मानाला कमी नाही. कमी आहे ती शाळेच्या फाटकातून आत जाण्याची.

विशारद पूर्ण:
मी वर जे लिहिलं ते यांच्यासाठी नव्हतं. तरी लाज वाटली.

फडावरचं पोर:
लाज नको. सात परीक्षांचं तुमचं बरोबरच आहे. मावशी म्हणते, अदा यायला दहा वर्षं लागतात आणि गुडघे जायला पंधरा.

गुडघेतज्ज्ञ (फिजिओ):
मावशींच्या त्याच वाक्यासाठी लिहितो. हॉलची जमीन कसली आहे? माझ्याकडे नडगीची दुखणी घेऊन येणाऱ्या नाचणाऱ्या मुलींपैकी बहुतेक काँक्रीटवरच्या फरशीवर तत्कार करतात. पायाखाली थोडं दबणारं लाकूड हवं. नुसती सतरंजी घालून भागत नाही, उलट पाय सरकतो.

तत्कार:
शहाबादी फरशी, खाली काँक्रीट. सुताराला विचारलं. २० बाय ३० फूट म्हणजे ६०० चौरस फूट. आठ-बाय-चारच्या १९ प्लाय लागतात, खाली सागाच्या नाहीतर पाइनच्या पट्ट्या. आणि मधली सुट्टी म्हणतात तसं मतदान केंद्र आलं की उचलता यायला हवी, म्हणून तुकड्यांत. आकडा ऐकून मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले.

त्रिशूरचा भाऊ:
मी कामानिमित्त केरळात असतो. चेरुतुरुत्तीचं कलामंडलम, कथकलीसारख्या कला शिकवणारी संस्था, जवळ आहे. वळ्ळत्तोळ कवींनी १९३०मध्ये काढलं. आठवीपासून मुलं तिथे कला आणि शालेय शिक्षण एकत्र घेतात, पहाटे अंधारात सराव सुरू होतो. अशक्य काही नाही.

मधली सुट्टी:
ती मुलं तिथे राहतात हो. आमच्या मुली एसटीच्या पासवर येतात. वाडीची शेवटची गाडी ५.४० ची. ती चुकली की बापाला फोन, आणि बापाला दोनदा फोन गेला की नाच बंद.

कोपऱ्यातला बाक:
मुलगे किती घेणार?

तत्कार:
माझ्या क्लासात आजवर तीन, तिघेही सातवीपर्यंतच टिकले. शाळेत वर्गावर्गात विचारलं तर नऊ मुलग्यांनी हात वर केले, "पण हिपहॉप असेल तर." मला हिपहॉप येत नाही. त्यातल्या एकाला म्हटलं, तू शिकव, मी शिकते. तो लाजून बाकाखालीच गेला.

रोखठोक:
मी अजूनही विरोधातच. पण नऊ मुलगे हात वर करतात तर नाव 'व्यवसाय' ठेवू नका, 'नाच' ठेवा. आणि पालकांना चारशेत पाच हा आकडा फलकावर लिहून दाखवा. त्यानंतरही पाठवतील ते पाठवोत.

तत्कार:
फलकावर लिहीन, कबूल. बाकीचं असं ठरवतेय. २४ नाही, १६ मुलं. जमीन होईपर्यंत घुंगरू नाहीत, तोवर हस्तक (हातांच्या हालचाली), ताल आणि पढंत (बोल तोंडाने म्हणणं), म्हणजे सगळं बसून-उभं राहून. वेळ ५.१५ ला संपणार, एसटीप्रमाणे. करार मुख्याध्यापकांशी नाही, संस्थेशी, मानधनाची तारीख घालून. तो झाला नाही तर यंदा सुरू करणार नाही.

आणि फडावरचं पोर, दुसऱ्या वर्षाचे आठ शनिवार लावणीचे. मावशी येतील का? तासाचा दर जो मला तोच त्यांना. ढोलकीवाला त्यांनीच आणावा, त्याचे पैसे वेगळे.

फडावरचं पोर:
विचारलं. आधी हसली. मग म्हणाली, बसून अदा शिकवीन, उभी राहणार नाही, गुडघे. साडी नऊवारीच नेसवायची पोरींना, ड्रेसवर ओढणी गुंडाळून चालणार नाही. आणि दर महिन्याला मस्टरवर सही करायला मिळाली पाहिजे.

तत्कार:
मस्टरवर नाव कसं लिहू? पूर्ण सांगा.

फडावरचं पोर:
स्वतःचं, मग आईचं, मग गावाचं. मधे दुसरं काही घालू नका.