जावेला सहाव्या आठवड्यात, मला बाराव्यात
एका ताईंनी विचारलंय, गरोदरपणात जावेला सहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला पाठवलं, मला थेट बाराव्यात; मग चुकलं कुणाचं? कुणाचंच नाही. पोटात दुखणं, रक्तस्राव, आधीचा गर्भपात किंवा आयव्हीएफ असेल तर लवकर पाठवतात, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत तर नाही ना हे बघायला. सगळं सुरळीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांतली एनटी स्कॅनच (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) कधीकधी पहिली ठरते.

माझी पाळी कायम पुढेमागे. तारखेनुसार नववा आठवडा धरून पुण्यात कोथरूडला सोनोग्राफीला गेले. बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून तासभर बसले (पुढे सात जणी!), आणि पडद्यावर जेमतेम सहा आठवड्यांचा ठिपका. प्रसूतीची तारीखच तीन आठवडे पुढे गेली.

खरा उशीर मात्र घरात होतो. ‘तीन महिने कुणाला सांगू नकोस’ म्हणत दवाखान्यात नाव नोंदवणंही लांबतं. बांधकामावरच्या बाईचा तर तपासणीला गेलं की दिवसाचा रोज बुडतो. जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) २०१६ पासून सांगतेय, २४ आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्यांसाठी.

आणि हो, जाताना आधार कार्ड न्या. गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यानुसार सोनोग्राफीआधी एफ फॉर्म भरावाच लागतो.